मुलाची गती आणि शाळेचे घड्याळ : मॉन्टेसरी विचार, कोसबाडचा प्रयोग आणि समावेशक बालशिक्षण यांची चिकित्सा

सारांश

प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकते, हे मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीचे मूलतत्त्व आज बालशिक्षणविषयक सर्व धोरणांनी स्वीकारलेले दिसते. तथापि ‘गती’ या संकल्पनेचा नेमका अर्थ काय आणि ती कोण ठरवते, या प्रश्नाची पुरेशी चिकित्सा झालेली नाही. प्रस्तुत लेखात मारिया मॉन्टेसरी यांची भूमिका आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी जुन्या ठाणे जिल्ह्यात केलेला तिचा विस्तार यांचे परीक्षण केले आहे. त्या आधारे भिवंडी तालुक्यातील शेलारसारख्या यंत्रमाग वस्तीच्या संदर्भात समावेशक बालशिक्षणाचा विचार मांडला आहे. मुलाची गती ही केवळ त्याच्या मनाची आंतरिक गती नसून घरातील श्रम, भाषा आणि स्थलांतर यांनीही ती घडत असते. म्हणून समावेशनाची कसोटी मुलाने शाळेशी जुळवून घेण्यात नाही, शाळेने आपली वेळ, जागा व भाषा बदलण्यात आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मॉन्टेसरी, स्वगती, समावेशन, आंगणवाडी, कुरणशाळा, कोसबाड, यंत्रमाग वस्ती.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत ‘मॉन्टेसरी’ हा शब्द आता विशेषनाम राहिलेला नाही. नर्सरी, बालवर्ग किंवा शिशुवर्ग यांचा पर्यायी शब्द म्हणून तो पाट्यांवर दिसतो. हे नाव कोणा एका संस्थेच्या मालकीचे नसल्यामुळे त्याच्या वापराला कोणतेही बंधन नाही. परिणामी ज्या वर्गांत मुलांची वयानुसार नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी अशी विभागणी केली जाते, अर्ध्या तासाच्या तासिका असतात आणि चार वर्षांच्या मुलाला घरी गिरवण्यासाठी वही दिली जाते, तेही वर्ग मॉन्टेसरी म्हणवून घेतात. मूळ पद्धतीत तीन ते सहा वर्षे वयाची मुले एकत्र असतात, सलग व अखंड कामाची वेळ असते आणि काम निवडण्याचा अधिकार मुलाचा असतो. या तिन्ही गोष्टी वगळल्यावर उरतात ती केवळ रंगीत साधने.

या विसंगतीवर टीका करणे सोपे आहे आणि ती अनेकदा झाली आहे. अधिक अवघड प्रश्न पुढचा आहे. समजा, एखाद्या बालवर्गाने मूळ पद्धती प्रामाणिकपणे राबवली, तरी तिच्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांचे काय? आणि जी पोहोचतात, परंतु ज्यांचे घर, भाषा किंवा शरीर शाळेच्या अपेक्षेप्रमाणे नाही, त्यांच्याबाबत ‘स्वतःच्या गतीने शिकू द्यावे’ या वाक्याचा अर्थ काय होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रोमपासून सुरुवात करून बोर्डी व कोसबाडमार्गे शेलारपर्यंत येणे उपयुक्त ठरते. या तिन्ही ठिकाणी शिक्षणाचा विषय असलेली मुले श्रमिकांची होती किंवा आहेत.

२. पद्धतीचा उगम : विसरलेले दोन संदर्भ

मॉन्टेसरी पद्धतीच्या उगमाचे दोन संदर्भ आजच्या चर्चेत सहसा बाजूला पडतात. पहिला संदर्भ दिव्यांग मुलांचा आहे. मारिया मॉन्टेसरी या व्यवसायाने डॉक्टर होत्या. १९०० च्या सुमारास रोममध्ये त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या संस्थेत काम केले. त्यासाठी त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या ग्रंथांचा बारकाईने अभ्यास केला. इतार यांनी अ‍ॅव्हेराँच्या जंगलात सापडलेल्या मुलाला शिकवण्याचा दीर्घ प्रयत्न केला होता, तर सेगँ यांनी अशा मुलांसाठी ज्ञानेंद्रियांना व स्नायूंना वळण देणारी साधने तयार केली होती. मॉन्टेसरींच्या हाताखालची काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा त्या आनंदित होऊन थांबल्या नाहीत. निरोगी मुलांना शाळेत असे काय होते की ती याहून फारशी पुढे जात नाहीत, असा उलट प्रश्न त्यांनी केला. त्यांची पद्धती या प्रश्नातून वाढली. म्हणजेच दिव्यांग मुलांसाठी केलेली रचना नंतर सर्व मुलांसाठी वापरली गेली. आज मात्र समावेशनाची भाषा बोलताना मुख्य प्रवाहाची शाळा हीच मूळ आणि दिव्यांग मूल हे तिच्यात सामावून घ्यायचे, असा क्रम गृहीत धरला जातो. या पद्धतीचा इतिहास तो क्रम उलटा दाखवतो.

दुसरा संदर्भ वस्तीचा आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कामगार वस्तीत पहिले ‘बालगृह’ सुरू झाले. ते स्वतंत्र शाळेच्या इमारतीत नव्हते, कामगारांच्या चाळीवजा इमारतीतच होते. आईवडील कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले जिने आणि भिंती खराब करतात, ही इमारतीच्या व्यवस्थापनाची अडचण होती आणि ती दूर करण्यासाठी ही सोय काढण्यात आली. हेतू व्यवहारी होता. परंतु त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली. शाळा मुलाच्या घरापाशी आली आणि आईच्या कामाच्या वेळेशी तिचा संबंध जुळला. पुढे ही पद्धती युरोप-अमेरिकेतील सुस्थित वर्गात पसरली, तेव्हा साधने आणि तंत्र तिच्याबरोबर गेले. वस्तीशी असलेले हे नाते मात्र मागे राहिले.

३. ‘गती’ची मॉन्टेसरीप्रणीत संकल्पना आणि तिच्या मर्यादा

मॉन्टेसरींच्या मते मुलाच्या विकासाला स्वतःचा आंतरिक क्रम असतो. ठरावीक काळात मूल ठरावीक गोष्टींबद्दल अत्यंत संवेदनशील असते. त्या काळात त्याला योग्य साधन मिळाले, तर ते एकाग्र होऊन तीच कृती पुनःपुन्हा करते आणि तृप्त झाल्यावर स्वतःहून थांबते. म्हणून साधनातच चूक उमगण्याची सोय हवी. दट्ट्यापेटीतील एक दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला की शेवटचा दट्ट्या उरतो आणि मुलाला चूक सांगावी लागत नाही. शिक्षिकेचे काम दाखवण्याचे कमी आणि पाहण्याचे जास्त. येथे गती म्हणजे मुलाच्या आत चालणारे घड्याळ आणि शिक्षिकेने त्यात ढवळाढवळ न करणे हे शिक्षणाचे तत्त्व.

या भूमिकेवर पहिली मोठी टीका अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये केली. साधनांची संख्या मर्यादित व वापराची रीत ठरलेली असल्याने मुलाच्या कल्पनेला वाव राहत नाही, तसेच मुले एकत्र येऊन काम करण्याच्या संधी पुरेशा मिळत नाहीत, असे त्यांचे आक्षेप होते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांच्या विचारातून आणखी एक आक्षेप संभवतो. मूल आज एकट्याने जे करू शकते त्यापेक्षा अधिक जाणत्या व्यक्तीच्या मदतीने जे करू शकते, ते शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे असेल, तर केवळ वाट पाहणे हे शिक्षकाचे काम ठरत नाही.

या टीकेच्या विरुद्ध बाजूला अलीकडील संशोधन ठेवावे लागते. अँजेलीन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी अमेरिकेतील मिल्वॉकी येथील सार्वजनिक मॉन्टेसरी शाळेचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवेश सोडतीने होत असल्याने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना शक्य झाली. पाच वर्षांची मॉन्टेसरी मुले अक्षरओळख, गणित आणि सामाजिक वर्तन यांत सरस आढळली. २०१७ मध्ये लिलार्ड व सहकाऱ्यांनी हार्टफर्ड येथील १४१ मुलांचा तीन वर्षांचा अभ्यास मांडला. त्यात मॉन्टेसरी वर्गांत कमी उत्पन्नाच्या व अधिक उत्पन्नाच्या घरांतील मुलांमधील शैक्षणिक अंतर कालांतराने कमी होत गेल्याचे दिसले. २०१२ च्या अभ्यासात मूळ पद्धती काटेकोरपणे राबवणाऱ्या वर्गांचे परिणाम, इतर साहित्याची भर घातलेल्या मॉन्टेसरी वर्गांपेक्षा चांगले आढळले होते. नावापुरत्या मॉन्टेसरीविषयीची शंका त्यातून दृढ होते.

तथापि हे निष्कर्ष भारतीय वस्तीत जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तेथे प्रशिक्षित शिक्षिका, पूर्ण साधनसंच आणि नियमित येणारी मुले उपलब्ध होती. मूल रोज येते, हे त्या संशोधनाचे गृहीतक आहे. ज्या वस्तीत तेच अनिश्चित असते, तेथे आंतरिक गतीचा सिद्धान्त अपुरा पडतो. ही अपुरेपणाची जाणीव सर्वांत स्पष्टपणे ज्या प्रयोगात दिसते, तो प्रयोग मराठी आहे.

४. बोर्डी ते कोसबाड : गतीचा सामाजिक अर्थ

गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरींची आंतरराष्ट्रीय संघटना १९२९ ची आहे, हे लक्षात घेतले तर भारतीय कार्यकर्ते या पद्धतीचे उशिरा आलेले अनुकरणकर्ते नव्हते, हे स्पष्ट होते. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. मॉन्टेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात अड्यार व कोडाइकॅनाल येथे राहिल्या. त्यापूर्वीच गुजरातीत आणि मराठीत बालशिक्षणाची चळवळ उभी राहिली होती.

शिशुविहार यशस्वी होत असताना ताराबाईंना त्याची मर्यादा दिसत होती. दादरचे बालमंदिर मध्यमवर्गीय मुलांचे होते आणि साधनांचा खर्च खेड्यातील शाळेला झेपणारा नव्हता. १९४५ मध्ये त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या किनाऱ्यावरील गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्यासोबत आल्या व १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले.

या प्रयोगाचे वर्णन बहुधा दोन गोष्टींनी केले जाते : स्वस्त देशी साधने आणि सेवाभाव. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांपासून इंद्रियशिक्षणाची साधने करणे ही खरोखरच महत्त्वाची गोष्ट होती. परंतु केवळ तेवढ्यावर थांबल्यास कोसबाडचे वैचारिक योगदान हाती लागत नाही. खरा बदल साधनांच्या पुढचा होता. बोलावूनही मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले तेव्हा ताराबाई व अनुताईंनी मुलांना किंवा पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली आणि तिला ‘आंगणवाडी’ म्हटले. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत नसतात, असे आढळले तेव्हा शिक्षक कुरणावर गेले आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याचा विचार पुढे आला.

या प्रत्येक निर्णयात गतीची संकल्पना विस्तारत गेली आहे. गुरे राखणाऱ्या मुलाची शिकण्याची गती ही त्याच्या बुद्धीची गती नाही. गुरे केव्हा सुटतात, केव्हा पाण्यावर जातात आणि केव्हा परततात, यावर ती अवलंबून आहे. मुलीची गती कडेवरच्या भावंडावर अवलंबून आहे. मॉन्टेसरींनी मुलाच्या आतले घड्याळ दाखवले. कोसबाडने त्या घड्याळाभोवती घराचे व शेताचे घड्याळ असते हे दाखवले. मुलाला त्याच्या गतीने शिकू द्यायचे असेल, तर या दुसऱ्या घड्याळाशी शाळेला बोलणी करावी लागतात, हा त्या प्रयोगाचा गाभा आहे.

५. कोसबाडच्या प्रयोगाची चिकित्सा

श्रद्धेने सांगितल्या जाणाऱ्या प्रयोगांची चिकित्सा कमी होते. कोसबाडच्या बाबतीत किमान तीन प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न श्रमाचा आहे. मूल गुरे राखते म्हणून शाळा कुरणावर नेणे, ही मुलाच्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची कृती आहे की त्या परिस्थितीला मान्यता देण्याची? १९४५ हेच वर्ष याच परिसरात वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याचेही आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिगत आहे. एकाच प्रदेशात, एकाच वर्षी, एक प्रवाह श्रमाची व्यवस्था बदलू पाहत होता आणि दुसरा त्या व्यवस्थेतील मुलापर्यंत अक्षर नेऊ पाहत होता. दोन्हींची गरज होती. पण दोन्हींची दिशा एक नव्हती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने सहा ते चौदा वयोगटातील मूल पूर्ण वेळ शाळेत असले पाहिजे, अशी भूमिका घेतली. या भूमिकेतून पाहिल्यास कुरणशाळा ही तडजोड ठरते. मात्र कायदा झाल्याने कुरणावरचे मूल आपोआप वर्गात येत नाही आणि ते येईपर्यंतच्या काळात त्याच्यापर्यंत जाण्याचे काम कोणीतरी करावेच लागते. तडजोड म्हणून तिची नोंद घेणे आणि तरीही तिची आवश्यकता मान्य करणे, हीच येथे न्याय्य भूमिका होय.

दुसरा प्रश्न संस्कृतीचा आहे. आंगणवाडीच्या दिनक्रमात स्वच्छतेला, म्हणजे आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे यांना मोठे स्थान होते. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु शाळेचा पहिला संस्कार ‘तुझे घर अस्वच्छ आहे’ असा होत असेल, तर मुलाच्या मनात घर आणि शाळा यांच्यात एक उतरंड तयार होते. सुशिक्षित वर्गातून आलेल्या कार्यकर्त्यांच्या कामात हा धोका नेहमी असतो. शाळा अंगणात नेल्याने भौतिक अंतर मिटते. सांस्कृतिक अंतर मिटवण्यासाठी अंगणातले ज्ञानही शाळेत यावे लागते. शिंपले आणि बिया वापरण्यात याची सुरुवात आहे, पूर्तता नाही.

तिसरा प्रश्न दिव्यांगत्वाचा आहे. कोसबाडचे समावेशन मुख्यतः सामाजिक व आर्थिक अर्थाचे आहे. दिव्यांग मुलांच्या शिक्षणातून जन्मलेली पद्धती खेड्यातील मुलांपर्यंत नेताना तिच्या जन्माचा तो धागा मध्यवर्ती राहिला नाही. तो पुन्हा जोडण्याचे काम पुढच्या पिढीवर आले.

६. शब्द राहिला, आशय बदलला

ताराबाईंचे निधन १९७३ मध्ये झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांसाठी ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी यांसोबत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शालापूर्व शिक्षण हाही या योजनेचा एक भाग आहे. सर्वसाधारणपणे ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक केंद्र असे तिचे प्रमाण आहे. इतक्या व्यापक प्रमाणावर एखादा मराठी शैक्षणिक शब्द देशाने स्वीकारल्याची उदाहरणे विरळ आहेत.

परंतु शब्दाबरोबर आशय कितपत गेला? कोसबाडची आंगणवाडी मुलाच्या सोयीने जागा व वेळ बदलत असे. शासकीय अंगणवाडीला ठरलेली खोली, ठरलेली वेळ आणि नोंदवह्यांचा मोठा भार आहे. सेविकेने सर्वेक्षण करावे, वजने घ्यावीत, आहार वाटावा, माहिती भरावी आणि उरलेल्या वेळात शिकवावे, अशी रचना असताना निरीक्षणाला सवड उरत नाही. मॉन्टेसरी पद्धतीत मात्र निरीक्षण हाच स्वगतीचा आधार आहे. ज्या मुलाकडे कोणी पाहत नाही, त्याला ‘स्वतःच्या गतीने’ सोडून देणे आणि दुर्लक्षित ठेवणे यांत व्यवहारात फरक राहत नाही. स्वगती या शब्दाचा सर्वांत मोठा दुरुपयोग येथेच होतो आणि त्याचा फटका दिव्यांग मुलाला सर्वाधिक बसतो. कमी ऐकू येणारे मूल शांत बसते, त्रास देत नाही. ते ‘हळू शिकते’ असे म्हणून दोन वर्षे निघून जातात आणि तपासणीची मोलाची वेळ हातची जाते.

उलट टोकाला मोजमापाचा आग्रह आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, तर २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या गतीतील फरक मान्य केला आणि खेळातून शिक्षणावर भर दिला. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात मात्र दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य दिलेले आहे. एकच व्यवस्था एका कागदावर स्वगतीचा पुरस्कार करते आणि दुसऱ्या कागदावर गतीच मिनिटात मोजते.

ही विसंगती दाखवून मोजमाप टाकाऊ ठरवणे मात्र योग्य होणार नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघू लागलेल्या ‘असर’ अहवालांनी, शाळेत वर्षानुवर्षे बसलेली मुले साधा परिच्छेद वाचू शकत नाहीत, हे उघड केले. मोजमाप नसते तर वंचित मुलांचे न शिकणे झाकलेलेच राहिले असते. म्हणून मोजमाप कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ६० शब्दांचा आकडा शाळेला व प्रशासनाला लावला, तर तो जबाबदारीचे साधन होतो. तोच आकडा एकेका मुलाच्या कपाळी चिकटवला, तर घरी वेगळी भाषा बोलणारे किंवा वाचनअक्षमता असलेले मूल ‘अप्रगत’ या शिक्क्याखाली जाते. २००९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जाणून त्यानुसार पूरक मार्गदर्शन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात समावेशक शिक्षणाची व्याख्या करताना दिव्यांग व इतर मुले एकत्र शिकतील आणि अध्यापनाची पद्धती मुलांच्या गरजेनुसार योग्य प्रकारे बदललेली असेल, असे दोन्ही अंग सांगितले आहे. व्यवहारात पहिले अंग पटावरील नोंदीने पूर्ण होते. दुसरे अंग सहसा दुर्लक्षित राहते.

७. शेलारच्या संदर्भात

कोसबाड आणि भिवंडी ही दोन्ही ठिकाणे पूर्वी एकाच ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर कोसबाड तिकडे गेले. अंतर फार नसले तरी दोन्हींच्या श्रमाचे स्वरूप वेगळे आहे. भिवंडी शहराच्या वेशीवरील शेलार ही ग्रामपंचायतीची वस्ती असली, तरी यंत्रमागांमुळे तिचे जीवन नागरी झालेले आहे. या पट्ट्यात मूळच्या आगरी-कुणबी कुटुंबांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा येथून आलेली मागकामगार कुटुंबे राहतात. एकाच गल्लीत आगरी बोली, उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू कानावर पडतात.

येथील मुलाचे घड्याळ कोणते आहे? भिवंडीतील यंत्रमागावरचे काम बहुधा बारा तासांच्या पाळीचे असते. रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपतो आणि घर एका खोलीचे असते. अशा घरात लहान मुलाकडून दिवसभर गप्प राहण्याची अपेक्षा केली जाते. ज्या वयात हालचाल आणि बोलणे हीच शिकण्याची साधने असतात, त्या वयात ती घरात दाबली जातात. म्हणून येथील बालवर्गाने मुलाला आणखी गप्प बसवणे हे शैक्षणिकदृष्ट्या हानिकारक आहे. मॉन्टेसरी वर्गातील मोकळी हालचाल ही सुस्थित घरातील मुलासाठी पद्धतीचा एक भाग असेल; शेलारमधील मुलासाठी ती मूलभूत गरज आहे.

दुसरे घड्याळ स्थलांतराचे आहे. सणासाठी, शेतीच्या कामासाठी किंवा मंदीत माग बंद पडल्यावर कुटुंब गावी जाते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परतते. भिवंडी तालुक्यातील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणारी आणि पावसाळ्यापूर्वी परतणारी कातकरी व वारली कुटुंबे हे याच वास्तवाचे दुसरे रूप. वयानुसार विभागलेल्या आणि पाठ्यक्रम आठवड्यांत बांधलेल्या वर्गात असे मूल परतल्यावर ‘मागे पडलेले’ ठरते. मिश्र वयाच्या वर्गात मात्र मागे पडण्याला फारसा अर्थ राहत नाही. मूल ज्या साधनापाशी थांबले होते, तेथून पुन्हा सुरुवात करते. मॉन्टेसरी रचनेचा हा गुण स्थलांतरित मुलांसाठी सर्वाधिक उपयुक्त आहे; परंतु पाटीवर मॉन्टेसरी लिहिणाऱ्या वर्गांनी नेमका तोच सर्वांत आधी सोडला आहे.

कोसबाडचा धडा या भागात अगदी अपरिचित नाही. १९९० च्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्टीवरील मुलांसाठी भट्टीच्याच जागी ‘भोंगाशाळा’ चालवल्या. कुरणशाळेचेच तत्त्व तेथे नव्या श्रमव्यवस्थेला लावले गेले. यंत्रमाग वस्तीसाठी मात्र असा स्वतंत्र विचार अजून व्हायचा आहे. पाळीच्या वेळांशी जुळणारी पाळणाघर-अंगणवाडीची जोड, एकाच केंद्रात दोन-तीन भाषा बोलू शकणाऱ्या मदतनीस, रिकामी रिळे, कांड्या आणि चिंध्या यांपासून इंद्रियशिक्षणाची साधने, स्थलांतरित मुलासोबत जाणारी निरीक्षणांची साधी नोंदवही, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. धाग्याचा खरखरीत-मऊ पोत आणि कापडाच्या रंगछटा हे या मुलांच्या घरचेच ज्ञान आहे. ते शिकण्याचे साधन झाल्यास घर आणि शाळा यांच्यातील उतरंडही कमी होईल. कारखान्यातील तुकडे वर्गात आणताना त्यांच्या स्वच्छतेची व धारदार कडांची काळजी घ्यावी लागेल, हे उघड आहे.

येथेही पाचव्या भागातील पहिला प्रश्न उभा राहतो. बालकामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत काम करण्यास मनाई केली. पण शाळेच्या वेळेनंतर व सुटीत घरच्या व्यवसायात मदत करण्यास सवलत ठेवली. घराशेजारीच माग चालतो अशा वस्तीत ही सवलत कोठे संपते, हे सांगणे कठीण आहे. शाळेने घराच्या घड्याळाशी जुळवून घेताना मुलाच्या श्रमाला मुभा मिळणार नाही, ही दक्षता शिक्षकांना घ्यावीच लागेल. जुळवून घेण्याची मर्यादा शिकणाऱ्या मुलाच्या हितापाशी आहे, घराच्या किंवा मालकाच्या सोयीपाशी नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, स्वगती ही संकल्पना केवळ मुलाच्या मानसिक विकासाशी संबंधित नाही. कुटुंबाचे श्रम, भाषा, स्थलांतर आणि शरीराची स्थिती यांचाही तिच्यात अंतर्भाव होतो. दोन, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मॉन्टेसरी विचाराचे केवळ देशीकरण केले, असे म्हणणे अपुरे आहे; त्यांनी गतीच्या संकल्पनेचा आशय विस्तारला. तीन, त्यांच्या प्रयोगातील श्रम, संस्कृती आणि दिव्यांगत्व यांविषयीचे प्रश्न आजही अनुत्तरित आहेत आणि त्यांच्याकडे गौरवाच्या भरात दुर्लक्ष होता कामा नये. चार, निरीक्षणाविना स्वगती म्हणजे दुर्लक्ष होय. त्यामुळे अंगणवाडी सेविकेला निरीक्षणासाठी वेळ व प्रशिक्षण देणे ही समावेशनाची पूर्वअट आहे. पाच, वाचनगतीसारखी मोजमापे शाळेच्या व प्रशासनाच्या उत्तरदायित्वासाठी वापरावीत, मुलाच्या वर्गीकरणासाठी नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या चर्चेचा एक व्यावहारिक भाग आहे. समाजशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र या विषयांचे विद्यार्थी याच वस्त्यांतून महाविद्यालयात येतात. आपल्या वस्तीतील अंगणवाडीत एका मुलाचे वर्षभर निरीक्षण करणे, त्याच्या घरातील भाषांची नोंद करणे, पाळीच्या वेळा आणि उपस्थिती यांचा संबंध तपासणे, असे प्रकल्प पदवी स्तरावर सहज होऊ शकतात. १९८२ मध्ये अनुताई वाघ आणि प्रा. रमेश पानसे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘ग्राममंगल’च्या कामातून महाविद्यालयीन अध्यापक बालशिक्षणात काय करू शकतो, याचे उदाहरण समोर आहेच. शेलारमधील मुले कोणत्या वेळी जागी, मोकळी आणि शिकायला उत्सुक असतात, याची विश्वासार्ह नोंद झाली, तर तेथील बालवर्गाने दार केव्हा उघडावे, या प्रश्नाचे उत्तर पाटीवरील नावाच्या आधारे न ठरता या नोंदीच्या आधारे ठरवता येईल.